ऑनलाइन ट्रेनिंगचे आदेश काढणाऱ्या साहेब-मॅडमना खुलं पत्र: मानसिकता आमची बघायची असेल तर आधी वर्गात या

सप्रेम नमस्कार साहेब, मॅडम,

परवा आढाव्याच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, ते वाक्य परत कानावर आलं, "शिक्षकांची मानसिकताच नाहीये हो, टेक्नॉलॉजी नकोच असते त्यांना." कुणा एका साहेबांवर राग धरून मी हे लिहित नाहीये, कारण हे वाक्य तालुक्याच्या मीटिंगला ऐकू येतं, जिल्ह्याच्या मीटिंगला ऐकू येतं, पेपरात येतं, लग्नाकार्यात नातेवाईक पण ऐकवतात. पण ज्यांच्या सहीने आमच्या ट्रेनिंगचे आदेश निघतात त्यांनीच जर हे धरून ठेवलं तर पुढची सगळी ट्रेनिंगं त्याच समजावर आखली जाणार, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच.

मी नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी झेडपी शाळेत आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, म्हणजे माझ्याकडे पहिली-दुसरी नि गुरुजींकडे तिसरी-चौथी, आणि गुरुजी मीटिंगला किंवा टपालाला गेले की चारही वर्ग माझे. आता आमचा मोबाईल काय काय करतो ते बघा. सकाळी हजेरी ऑनलाइन, दुपारी पोषण आहाराची माहिती ऑनलाइन, यू-डायस म्हणजे शाळेची सगळी आकडेवारी ऑनलाइन, मुलांचे आधार नि अपार हे विद्यार्थी ओळख क्रमांक ऑनलाइन, इलेक्शन आलं की बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम ॲपवर, आणि मधे मधे ग्रुपवर "अतितात्काळ, आज ५ वाजेपर्यंत लिंक भरा, निरंक असल्यास निरंक कळवा". हे सगळं आम्हीच भरतो ना? शाळेत क्लार्क नाही, ऑपरेटर नाही, शिपाईसुद्धा नाही. मग टेक्नॉलॉजीची मानसिकता नसलेली माणसं हे रोज कसं काय करतात, याचा विचार व्हीसीत कुणी केलेला मला तरी ऐकायला मिळाला नाही.

आमच्या गुरुजींचंच सांगते. रिटायरमेंटला फार दिवस राहिले नाहीत त्यांचे. तुमच्या कुठल्या सर्व्हेत त्यांना बसवलं तर "तंत्रज्ञानाबद्दल उदासीन" याच रकान्यात टिक पडेल, कारण ऑनलाइन कोर्सचं नाव काढलं की ते हात जोडतात. पण हेच गुरुजी निफाडला घरी कांदा पिकवतात आणि लासलगावचा भाव रोज सकाळी मोबाईलवर बघतात, खताचे पैसे फोनवरून देतात, पुण्याच्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर पाढे म्हणतात. म्हणजे फोनची भीती नाहीये. त्यांना कळतं की भाव बघितला तर माल कधी काढायचा ते ठरवता येतं. कोर्स पूर्ण केला तर उद्या तिसरीच्या वर्गात नेमकं काय बदलणार, हे मात्र त्यांना अजून कुणी दाखवलेलं नाही. सर्टिफिकेट मिळेल एवढंच सगळे सांगतात.

फ्रेड डेव्हिस नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये ऑफिसातल्या कॉम्प्युटरबद्दल हेच मांडलं होतं की माणूस नवीन यंत्र वापरेल की नाही ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, त्याला ते आपल्या कामाला उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. आता आमच्या कोर्सकडे या दोन प्रश्नांनी बघा. सोपं म्हणाल तर डोंगराच्या आडोशाला असलेल्या पाड्यावर रेंज शाळेच्या मागच्या टेकाडावर येते, पावसाळ्यात तीही जाते, लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही. आणि उपयोगी म्हणाल तर व्हिडिओतला वर्ग एका इयत्तेचा, बेंच लावलेला, तीस मुलं एकाच वयाची, सगळी प्रमाण मराठी बोलणारी. आमच्याकडे एकाच खोलीत दोन इयत्ता, घरी कोकणा बोलणारी पोरं, आणि दिवाळीनंतर आईबाप दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला गेले की निम्मा पट त्यांच्यासोबत. या वर्गाला तो व्हिडिओ कसा लावायचा हे कुठल्याच मॉड्यूलमध्ये नाही.

आता कोर्स प्रत्यक्षात कसा होतो तेही सांगते, तुम्हाला माहिती असेलच पण कागदावर कधी येत नाही. शेवटची तारीख जवळ येते. ग्रुपवर केंद्रनिहाय (केंद्र म्हणजे आजूबाजूच्या शाळांचा गट) टक्केवारी पडते, खाली राहिलेल्या शाळांची नावं लाल रंगात. मग घरी संध्याकाळी ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केलेला, त्यात व्हिडिओ चालू, आवाज बंद, इकडे भाकरी थापणं चालू, पोरगं गृहपाठ विचारतंय, आणि व्हिडिओ थांबला की कोपराने "पुढे" दाबायचं. शेवटच्या प्रश्नावलीची उत्तरं तोपर्यंत पीडीएफमध्ये फिरत असतात. रात्री सर्टिफिकेट डाउनलोड, सकाळी ग्रुपवर स्क्रीनशॉट, केंद्र शंभर टक्के हिरवं. हे चांगलं चाललंय असं मला अजिबात म्हणायचं नाही, मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या व्हिडिओंमध्ये खरंच काही चांगलं असतं. पायाभूत साक्षरतेच्या कोर्समधला मुलाच्या घरच्या भाषेचा भाग आमच्यासारख्या तालुक्यात प्रत्येक शिक्षकाने शांतपणे बघावा असा आहे. पण शांतपणे कधी बघणार? शाळेच्या वेळेत बघायचं तर वर्ग सोडावा लागतो, आणि घरच्या वेळेत ज्यांच्या मागे चूल नि म्हातारी माणसं आहेत त्यांच्यासाठी वेळ नावाची गोष्टच उरत नाही. ऑनलाइनमुळे कधीही कुठेही शिकता येतं असं तुम्ही म्हणता, आणि त्या "कधीही"चा अर्थ आमच्या घरी रात्री दहानंतर असा होतो.

थोडं मागे जाऊन बघू. दीक्षा हे ऑनलाइन साहित्याचं नि कोर्सचं सरकारी पोर्टल ५ सप्टेंबर २०१७ ला आलं. निष्ठा हे देशभरातल्या शिक्षकांचं सरकारी प्रशिक्षण ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालं तेव्हा ते समोरासमोर होतं, मग कोरोना आला नि ऑक्टोबर २०२० पासून तेच १८ मॉड्यूलचं करून ऑनलाइन केलं, पुढे निष्ठा ३ मध्ये पायाभूत साक्षरतेचे १२ कोर्स आले. त्या काळात दुसरा इलाज नव्हता हे मला मान्य आहे, सगळा देशच घरात बसला होता. "शाळा बंद पण शिक्षण आहे" हा उपक्रम तेव्हाच आला आणि आमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या काळात रेकॉर्डिंग, व्हिडिओ, कॉन्फरन्स कॉल स्वतःहून शिकून घेतलं, कुणाच्या आदेशाची वाट न बघता. पण शाळा उघडल्यावर सोय म्हणून आलेली पद्धत तशीच राहिली. अगदी १२ वर्षांच्या नोकरीनंतरची वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी मिळवण्याचं ट्रेनिंगसुद्धा २०२२ ला ऑनलाइन झालं. पगाराची श्रेणी अडकलेली असली की माणूस कोर्स पूर्ण करणारच ना, त्यावरून त्याला ऑनलाइन शिक्षण आवडलं असं कसं म्हणता येईल? आणि नाही आवडलं तर त्याची मानसिकता वाईट, हे तरी कसं म्हणता येईल?

तुम्ही म्हणाल की लांबून शिकणं शिक्षकांना जमतच नाही. नाशिक जिल्ह्यात तरी हे म्हणू नका. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथेच गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धनला आहे, १९८९ पासून, आणि "ज्ञानगंगा घरोघरी" हे ब्रीद नाशिककरांनी लहानपणापासून वाचलंय. नोकरी करता करता तिथून बीएड केलेले शिक्षक आमच्या जिल्ह्यात तालुक्या-तालुक्यात सापडतील, त्यात सुरगाणा-पेठ-कळवणचे पण आले, आणि त्यातले बरेच असे की ज्यांनी तेव्हा कॉम्प्युटर लांबूनही बघितला नव्हता. पुस्तकं घरी यायची, ती एसटीत बसून वाचायची, आणि संपर्क सत्राला अभ्यासकेंद्रावर जायचं. तिथे समंत्रक असायचे. समंत्रक म्हणजे समोर बसून अडलेलं विचारता येईल असा माणूस, आणि आजूबाजूला आपल्यासारखेच दमूनभागून आलेले पंचवीस-तीस शिक्षक. पाठ घ्यायचा, त्यावर बोलायचं, परत घ्यायचा. दूरशिक्षण होतं पण माणूस दूर नव्हता. आता आमच्या कोर्समध्ये पुस्तकाच्या जागी व्हिडिओ आला, ते चांगलंच झालं, पण समंत्रकाच्या जागी कोण आलं? अडलं तर हेल्पलाइनला ईमेल करा असं लिहिलेलं असतं, आणि ती मदतही लॉगिनची, शिकवण्याची नाही.

सावळघाटात गाडी चालवायला शिकताना शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं, वळणावर गिअर कधी बदलायचा ते व्हिडिओत कितीही बघितलं तरी हात थरथरतोच. वर्गाचं तसंच आहे.

आता जरा आनंदाचं सांगते, कारण नुसती रडगाणी गायला मी हे पत्र लिहायला बसले नाहीये.

आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, एकदा शेजारच्या शाळेच्या एका ताईंनी त्यांच्या मुलांच्या वाचनाची रेकॉर्डिंगं ऐकवली. काही मोठं नाही, साधा फोन, त्यातला साधा रेकॉर्डर. जूनमध्ये प्रत्येक मुलाकडून एकच उतारा वाचून घ्यायचा आणि सेव्ह करायचा, दिवाळीच्या आधी तोच उतारा परत. ना नेट लागतं, ना पोर्टल. ताईंनी एका मुलाची दोन्ही रेकॉर्डिंगं लागोपाठ लावली नि सगळी खोली गप्प झाली, कारण जूनमध्ये अक्षर अक्षर तोडणारा पोरगा ऑक्टोबरमध्ये पूर्णविरामाला थांबत होता. गुरुजी माझ्या शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन घेऊन आले नि म्हणाले, "मॅडम, ते आवाज भरायचं कुठंय यात?"

त्यांच्या तिसरीत एक मुलगी आहे, हुशार, पण वाचायला सांगितलं की मान खाली. गुरुजींनी तिला वऱ्हांड्यात बसवून उतारा वाचून घेतला, आणि मग तिचाच आवाज तिला ऐकवला. "शेतकऱ्याच्या" हा शब्द आला की ती "शेत... क..." करून अडकायची आणि पुढचं गिळून टाकायची. स्वतःचा आवाज ऐकल्यावर तीच म्हणाली, "गुरुजी, इथं मी खाल्लं." परत वाचलं. परत अडकली. परत लावायला सांगितलं. गुरुजींना वर्षभर वाटत होतं की पोरीला वाचताच येत नाही, आणि रेकॉर्डिंग दोन-तीनदा ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती फक्त जोडाक्षराला थांबते, बाकी सगळं नीट वाचते. मग त्यांनी जोडाक्षरांचे पंधरा-वीस शब्द काढले, कोकणा बोलीत घरी काय म्हणतात तेही तिलाच विचारलं, आणि रोज थोडं थोडं घेतलं. आता वर्गातली बाकीची पोरं "माझं पण भरा, माझं पण भरा" करत मागे लागतात. गुरुजींच्या फोनमध्ये मुलांच्या नावाने फोल्डर आहेत. ते फोल्डर त्यांनी नातवाकडून व्हिडिओ कॉलवर शिकून घेतले.

साहेब, मॅडम, हीच ती मानसिकता जी बदलत नाही असं तुम्ही म्हणत होतात.

अमेरिकेतले थॉमस गस्की म्हणून शिक्षणाचे अभ्यासक आहेत, त्यांनी १९८६ मध्ये जे मांडलं ते वाचल्यावर मला गुरुजीच आठवले. आपण असं धरून चालतो की ट्रेनिंग दिलं की आधी शिक्षकाचं मन बदलेल, मग त्याचं शिकवणं बदलेल, आणि मग मुलांचं शिकणं सुधारेल. गस्की म्हणतात क्रम असा नाहीये. शिक्षक आधी काहीतरी वेगळं करून बघतो, त्याने मुलांमध्ये फरक पडलेला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, आणि त्यानंतर त्याचं मत बदलतं. मत सगळ्यात शेवटी. आणि आपली सगळी ट्रेनिंगं मत सगळ्यात आधी बदलायला निघालेली असतात, उद्घाटनाच्या भाषणापासून. टेक्नॉलॉजी काळाची गरज आहे हे आम्हाला इतक्या वेळा सांगून झालंय की आता ते पाठ आहे. ते नका सांगू. माझ्या वर्गात एका मुलाचं एक अडलेलं काम या फोनने सुटतं हे दाखवा, पुढचं मी बघते.

आणि हे दाखवणारी माणसं आपल्याकडे आहेत. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले त्यामागची कल्पना कुठून आली? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतून. रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी स्वतःच्या वर्गासाठी ते केलं, मग राज्याने घेतलं, आणि २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या फायनलिस्टना वाटली. म्हणजे झेडपीचा शिक्षक टेक्नॉलॉजी घडवूही शकतो. पण आमच्या कोर्समध्ये शिक्षक कायम समोर बसून बघणारा असतो, बोलणारा कधीच नसतो. मी म्हणते प्रत्येक केंद्रातून एक-दोन पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ आमचेच घ्या ना, खऱ्या वर्गातले, मागे कोंबडी ओरडतेय, पोरं मधे बोलतायत असे. मला पुण्याच्या स्टुडिओतल्या तज्ज्ञांइतकंच शेजारच्या शाळेच्या ताईंकडून शिकायचंय, कदाचित जास्तच, कारण त्यांच्याकडे पण दोन इयत्ता एका खोलीत आहेत.

एक गोष्ट आमच्या लोकांबद्दलही बोलायला हवी. काही जण असे आहेत की टीव्ही असो, लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर असो, ते कपाटाला कुलूप लावून ठेवणार, का तर बिघडला तर भरून कोण देणार. काही जण ट्रेनिंग ऑफलाइन झालं तरी मागच्या बाकावर बसून पेपर वाचणार. त्यांची बाजू मी घेणार नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की त्यांना लाल यादीत टाकून आजवर एकही कुलूप उघडलेलं नाही. बिघडलं तर दुरुस्तीचा खर्च कुठून करायचा हे एकदा लेखी स्पष्ट केलंत तर त्यातली बरीच उघडतील.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलंय की शिक्षकाला दरवर्षी व्यावसायिक विकासासाठी किमान ५० तासांची संधी मिळावी, आणि पुढे असंही लिहिलंय की ती त्याच्या स्वतःच्या आवडीनुसार असावी. ५० तास सगळ्यांच्या तोंडी आहेत, आवडीचं कुणी बोलत नाही. माझी आवड विचाराल तर मला बहुवर्ग अध्यापन शिकायचंय, एका गटाला फोनवर काम देऊन दुसऱ्या गटाला कसं शिकवायचं ते. गुरुजींना गणिताचं काहीतरी हवंय. सुरगाण्याच्या एका मैत्रिणीला बोलीभाषेतल्या गोष्टी रेकॉर्ड करून त्याची छोटी पुस्तकं करायचीत. आम्हा तिघांना यंदा आला तो एकच कोर्स, एकच तारीख, एकच प्रश्नावली.

म्हणून मागणं असं आहे की ५० तासांतले निम्मे तरी शाळेच्या कामकाजाच्या दिवसांत धरा. शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच, तिथे निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो, ती ग्रुपवर आलेलीच असतात, आम्ही वाचतो. तो वेळ मोकळा करा. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर केंद्रात ठेवा, तिथे सगळ्यांनी मिळून बघायचा, वीस मिनिटं, मग त्यावर भांडायचं, आणि महिनाभर आपापल्या वर्गात एकच गोष्ट करून बघून पुढच्या परिषदेत मुलांचं काम आणायचं. साधनव्यक्तींना, म्हणजे शाळांना मदत करायला तालुक्याला नेमलेल्या माणसांना, माहिती गोळा करण्याच्या कामातून थोडं सोडवा, त्यांनी त्या महिन्यात दोन-तीन वर्गांत येऊन शेजारी बसावं, तपासायला नाही, बसायला. आमच्या तालुक्याचे साधनव्यक्ती चांगले शिक्षक आहेत हो, आणि सगळा दिवस एक्सेल भरत बसतात. शेवटच्या प्रश्नावलीऐवजी "वर्गात काय केलं आणि काय झालं" हे अर्धं पान किंवा दोन मिनिटांचा आवाज मागा, जमलं नाही तर जमलं नाही असं लिहायची पण मुभा द्या. त्याची पीडीएफ फिरणार नाही, कारण प्रत्येकाचं वेगळं असेल. आणि ती लाल-हिरवी टक्केवारी काही महिने बंद ठेवून बघा.

यासाठी नवीन पोर्टल लागत नाही, नवीन टेंडर लागत नाही. आमच्या केंद्रात करून बघायचं असेल तर आम्ही तयार आहोत, केंद्रातल्या बाकीच्या शिक्षकांशी माझं बोलणं झालंय, गुरुजींनी तर पहिल्या बैठकीला रेकॉर्डिंगचं मी दाखवतो असं स्वतःहून सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी आलं तर आनंदच होईल, फक्त आढावा म्हणून नका येऊ, पूर्ण वेळ बसा आणि नंतर आमच्यासोबत एका वर्गात चला. पुढच्या सत्राचं ट्रेनिंगचं नियोजन होण्याआधी हे झालं तर बरं, कारण एकदा वेळापत्रक निघालं की मग ते कुणालाच बदलता येत नाही. उत्तर ग्रुपवर दिलं तरी चालेल, सगळ्यांना वाचता येईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. पेठ, जि. नाशिक